तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून काडतुसाची पारख होत नाही

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीवर आलेला लेख मी आवडीने वाचला. या खेळावर मराठीत मुळातच कमी लिहिले जाते, आणि स्पर्धक आपल्या रायफलीसाठी काडतुसे स्वतःच्या हाताने कशी भरतो यावर तर जवळपास काहीच नाही. त्यामुळे लेखकाचे आभार आधी मानतो आणि मग मतभेदाकडे वळतो. लेखाचा सूर असा होता की प्रत्येक रायफलीला पावडरीचे (काडतुसातल्या दारूचे) एक ठरावीक वजन मानवते. ते सापडेपर्यंत थोडे थोडे वजन वाढवत प्रत्येक वजनाच्या तीन-तीन गोळ्या झाडाव्यात आणि ज्या वजनाला सर्वांत लहान ग्रुप पडेल ते कायमचे धरून ठेवावे. जगभरातले असंख्य नेमबाज हेच करतात आणि त्यांतले काही जण पदकेही मिळवतात. तरीही या पद्धतीने जे सापडते ते बहुतेक वेळा रायफलीचे गुपित नसून निव्वळ योगायोग असतो, असे माझे मत आहे, आणि ते आकड्यांच्या आधारे मांडता येते.

ग्रुप म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून झाडलेल्या गोळ्यांपैकी एकमेकींपासून सर्वांत लांब पडलेल्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर. म्हणजे हे माप फक्त दोन गोळ्यांवर ठरते. बाकीच्या कुठे पडल्या याला त्यात किंमत नाही. शिवाय गोळ्यांची संख्या वाढली की हे अंतर वाढणारच. रायफल तीच, काडतुसे तीच, नेमबाजही तोच असताना तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी अर्धा इंच पडत असतील, तर दहा गोळ्यांचे ग्रुप सरासरी पाऊण इंचाच्या थोडे वरच पडतील. यात रायफल बिघडली असे काही होत नाही. म्हणूनच अमुक रायफल अर्ध्या इंचाची आहे, या विधानाला गोळ्यांचा आकडा सांगितल्याशिवाय अर्थ येत नाही.

आता लेखातल्या पद्धतीकडे पाहू. समजा कोणी दहा डब्यांत काडतुसे भरली आणि खरे तर दहाही डब्यांतली काडतुसे अगदी एकसारखी आहेत, पण त्याला मात्र ती वेगवेगळ्या वजनांची वाटत आहेत. प्रत्येक डब्यातून तीन गोळ्या झाडल्या की दहा ग्रुप मिळतील, आणि त्यांतला सर्वांत मोठा ग्रुप सर्वांत लहान ग्रुपाच्या तिप्पट किंवा त्याहूनही मोठा असणे अगदी स्वाभाविक आहे. तीन गोळ्यांच्या ग्रुपांत तेवढी चढउतार असतेच. आपला नेमबाज मात्र लहान ग्रुपाकडे बोट दाखवून म्हणेल की हेच ते वजन. पुढच्या आठवड्यात तेच वजन सामान्य ग्रुप देईल, तेव्हा तो वारा, उष्णता, स्वतःचा श्वास किंवा ट्रिगर यांना दोष देईल आणि वजनाला सोडून देईल. तीन डावांवरून फलंदाजाची सरासरी काढून त्याला संघात घ्यावे तसा हा प्रकार आहे. दोन भरणींच्या, म्हणजे काडतूस भरण्याच्या दोन वेगळ्या प्रमाणांच्या, अचूकतेत दहा टक्क्यांचा फरक आहे असे खात्रीने म्हणायचे असेल, तर प्रत्येक भरणीच्या दोनशेच्या आसपास गोळ्या झाडून प्रत्येक छिद्राचे मध्यापासूनचे अंतर मोजावे लागते. एवढा खर्च कोणालाच परवडत नाही, आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. ६.५-२८४ नॉर्मासारख्या जोरकस काडतुसाने लांब पल्ल्याची रायफल चालवली तर तिच्या नळीची अव्वल अचूकता साधारण हजार-दीड हजार गोळ्यांत उतरणीला लागते. सर्वोत्तम भरणी शोधून होईपर्यंत ती जिच्यासाठी शोधली ती नळीच संपलेली असते.

मग करायचे काय? मला वाटते, शोधायचे कमी आणि सारखेपणा राखायचा जास्त. हाताने काडतूस भरण्याचा खरा फायदा तोच आहे. कारखान्याचे काडतूस असंख्य रायफलींच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसते त्या पोकळीत) बसावे म्हणून थोडे सैल बनवलेले असते. आपण भरतो ते काडतूस एकाच चेंबरसाठी असते. एकदा झाडलेली पितळी पुंगळी त्या चेंबरचा आकार घेते; पुन्हा भरताना तिचा खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) जेमतेम एक-दोन हजारांश इंच मागे सारला की बोल्ट (चेंबर बंद करणारा रायफलीचा भाग) सहज बंद होतो आणि पुंगळी दर वेळी त्याच जागी टेकते. प्रत्येक वेळी झाडताना आणि डायमधून (आकार देणाऱ्या साच्यातून) काढताना पितळ थोडे कडक होते, म्हणून पुंगळीची मान ठरावीक तापमानापर्यंत तापवून मऊ करावी लागते. नाही तर काही पुंगळ्या गोळीला घट्ट धरतात आणि काही सैल.

हा फरक हाताला कळतो. गोळी पुंगळीच्या तोंडावर सरळ उभी ठेवून आर्बर प्रेसचा (गोळी दाबून बसवण्याच्या हातयंत्राचा) दांडा खाली आणताना तळहाताला एक ठरावीक जोर जाणवतो. पन्नास काडतुसे भरताना एखादी गोळी लोण्यात गेल्यासारखी अलगद उतरते, तर एखादी अर्ध्यावर अडून मग एकदम सुटते. अशी काडतुसे बाजूला ठेवून ती सरावाला वापरावीत. स्पर्धेच्या डब्यात टाकू नयेत. त्यानंतर काडतुसाची लांबी मोजायची ती टोकापर्यंत नव्हे, कारण गोळ्यांची टोके कारखान्यातूनच कमी-जास्त लांबीची येतात. मोजायचे ते पुंगळीच्या बुडापासून गोळीचा गोलावा जिथे नळीच्या आट्यांना (नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांना) टेकतो त्या जागेपर्यंत. कॅलिपरला लावायचा छोटा कंपॅरेटर त्यासाठीच असतो. गोळी आट्यांपासून किती मागे ठेवावी हा प्रश्न पावडरीच्या वजनाइतकाच, कित्येक रायफलींत त्याहून अधिक, महत्त्वाचा आहे. आणि नळी झिजते तशी आट्यांची सुरुवात पुढे सरकत जाते, हे विसरून वर्षभर तीच लांबी भरत राहणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत.

पावडरीच्या वजनाबद्दलचा आग्रह मात्र अनेकदा हास्यास्पद टोकाला जातो. लांब कांडीच्या पावडरीचा एक दाणा सुमारे दोन शतांश ग्रेन (एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम) भरतो. .३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसात एक दशांश ग्रेनने गोळीचा वेग सेकंदाला साधारण पाच-सहा फुटांनी बदलतो, म्हणजे एका दाण्याने फार तर एखाद्या फुटाने. दुसरीकडे, पावडर अगदी काटेकोर मोजूनही प्राइमर (पावडर पेटवणारी टोपी), मानेची पकड, पुंगळीची आतली जागा आणि जळण्यातला फरक यांमुळे वेगात सेकंदाला सात-आठ फुटांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) उरतेच. हे फरक सरळ बेरजेने वाढत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून मग वर्गमूळ घ्यावे लागते. इतर कारणांचे विचलन आठ फूट आणि वजनाच्या चुकीचे दोन फूट असेल, तर एकूण सव्वाआठ फूट होते. ती दोन फुटांची चूक पूर्ण नाहीशी केली तरी हाती लागतो तो पाव फूट. म्हणून चिमट्याने एकेक दाणा उचलण्यात रात्र घालवणाऱ्याने तोच वेळ पुंगळ्यांच्या माना सारख्या करण्यात घालवला तर अधिक पदरात पडेल.

याचा आणखी चांगला पुरावा शंभर-दोनशे यार्डांच्या बेंचरेस्ट स्पर्धांत, म्हणजे रायफल टेबलावरच्या टेकूवर ठेवून झाडण्याच्या स्पर्धांत, मिळतो. तिथे ६ मिमी पीपीसी हे छोटे काडतूस अनेक दशके राज्य करत आले आहे, आणि जगातले सर्वांत लहान ग्रुप काढणारे हे स्पर्धक पावडर बहुधा वजन करून नव्हे, तर मापाने ओततात. कारण सोपे आहे. सेकंदाला सुमारे तीन हजार फुटांच्या वेगात तीस फुटांचा फरक पडला, तर शंभर यार्डांवर गोळी जेमतेम एक मिलिमीटर वर-खाली लागते. तोच फरक हजार यार्डांवर सात-आठ इंच किंवा त्याहून अधिक होतो. तेव्हा शंभर यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रुप पाहून हजार यार्डांची भरणी ठरवणे म्हणजे जिथे दोष दिसतच नाही तिथे तो शोधणे होय. एफ-क्लास या टेकूवर रायफल ठेवून खेळायच्या लांब पल्ल्याच्या प्रकारात फलकावर हजार यार्डांना दहाचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे असते. .३०८ विंचेस्टरच्या १५५ ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला दहा फुटांनी बदलला की ती हजार यार्डांवर साधारण दोन ते तीन इंच वर किंवा खाली जाते. वेगाचे प्रमाण विचलन दहा फूट असेल, तर वीस गोळ्यांतल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत सरासरी सदतीस फुटांचा फरक पडतो. म्हणजे वारा शून्य आणि हात दगडासारखा स्थिर असला, तरी दहाचे वर्तुळ उभ्या दिशेने जवळजवळ भरून जाते.

म्हणून लांब पल्ल्याच्या नेमबाजासाठी क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) फलकाइतकाच महत्त्वाचा ठरतो. पण तिथेही तीच घाई आड येते. पाच गोळ्यांवरून प्रमाण विचलन दहा फूट आले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरे विचलन सहा आणि एकोणतीस यांच्या मध्ये कुठे तरी आहे. सहा म्हणजे उत्तम आणि एकोणतीस म्हणजे टाकाऊ. पाच गोळ्या या दोहोंत निवाडा करू शकत नाहीत. वीस गोळ्यांवर हीच मर्यादा साडेसात ते साडेचौदाच्या आसपास येते. तेव्हा क्रोनोग्राफच्या पडद्यावर चार गोळ्यांत तीन फूट विचलन दिसले म्हणून आनंदाने छायाचित्र काढणाऱ्याने आणखी सोळा गोळ्या झाडून पाहाव्यात.

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो मी टाळत नाही. पावडरीचे वजन वाढवत नेताना काही पट्टे असे येतात की तिथे वेग बदलला तरी गोळ्या उंचीला एकाच रेषेत लागतात, असे अनेक अनुभवी नेमबाज सांगतात. क्रेटन ऑडेट या अमेरिकी नेमबाजाच्या नावाने ओळखली जाणारी शिडीची चाचणी याच कल्पनेवर उभी आहे: प्रत्येक वजनाची एकेक गोळी लांबवर झाडायची आणि कोणत्या तीन-चार वजनांच्या गोळ्या उंचीला एकत्र पडतात ते पाहायचे. यामागे खरे भौतिकशास्त्र आहे. गोळी नळीत असताना नळी कंप पावते. नळीचे तोंड वर जात असतानाच गोळी बाहेर पडली, तर उशिरा सुटणाऱ्या मंद गोळीला थोडा अधिक उंच कोन मिळतो आणि ठरावीक अंतरावर तिची वेगातली कमतरता भरून निघते. जुन्या ली-एनफिल्ड रायफली जवळच्या पल्ल्यापेक्षा लांब पल्ल्यावर अधिक चांगल्या वागतात, हा लौकिक याच कारणाने होता, आणि नळीच्या कंपांवर ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. मॅलक यांनी १९०१ मध्येच लिहिले होते. तेव्हा असा पट्टा असू शकतो हे मला मान्य आहे. मात्र एका वजनाच्या एकाच गोळीवरून तो ओळखता येतो, हे मान्य नाही. ज्या गोळीची उभी दिशेतली स्वाभाविक चूकच सहा-सात इंच आहे, ती दोन इंचांचा पट्टा दाखवू शकत नाही. शिडी चढायची तर प्रत्येक पायरीवर निदान पाच-सहा गोळ्या, प्रत्यक्ष स्पर्धेच्याच अंतरावर आणि दोन वेगवेगळ्या दिवशी झाडाव्यात. दोन्ही दिवशी तोच पट्टा दिसला तरच तो खरा मानावा.

आता माझी स्वतःची पद्धत सांगतो. ती साधी आहे. नावाजलेल्या कारखान्याची गोळी घ्यावी, शक्यतो एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली), कारण गोळी चांगली करणे भरणाऱ्याच्या हातात नसते. खराब गोळीला कोणतीही भरणी सुधारत नाही. चांगल्या प्रतीच्या पुंगळ्या आणि तापमानाने फारशी न बदलणारी पावडर घ्यावी. मग दोन-तीन वजनांपैकी एक निवडावे, पण निवडताना प्रत्येकाच्या वीस-वीस गोळ्या झाडाव्यात. त्याही एकदम नव्हे, तर पाच-पाचच्या चार ग्रुपांत, आणि भरणींचा क्रम आलटूनपालटून ठेवावा, म्हणजे वाऱ्याचा किंवा थकव्याचा दोष एकाच भरणीच्या माथी बसत नाही. चारही ग्रुप एकाच मध्यबिंदूवर एकत्र मांडून प्रत्येक छिद्राचे मध्यापासूनचे अंतर मोजावे आणि सरासरी काढावी. ही सरासरी सर्व वीस गोळ्यांचा विचार करते, दोघींचाच नव्हे. त्यातून दोन भरणी सारख्याच निघाल्या तर कमी पावडरीची निवडावी, कारण ती नळीवर आणि पुंगळीवर कमी ताण टाकते. एवढे झाले की टेबल आवरून वाऱ्याचा सराव करावा. हजार यार्डांवर आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकला तर .३०८ ची ती १५५ ग्रेनची गोळी आठ ते दहा इंच बाजूला जाते. वाऱ्यामुळे होणारी चूक एक मिनिट (हे कोनाचे माप; हजार यार्डांवर साधारण साडेदहा इंच) आणि रायफलीची अर्धा मिनिट असेल, तर दोन्ही मिळून सव्वाच्याही आतच, म्हणजे सुमारे १.१२ मिनिट होते. भरणी सुधारून रायफलीची चूक ०.४ मिनिटावर आणली तरी एकूण १.०८ होते. महिनाभराच्या खटपटीने हाती येतात ते जेमतेम चार टक्के.

सुरक्षिततेचा मुद्दा लेखात एका वाक्यात उरकला होता, म्हणून त्यावर दोन शब्द. पावडरीच्या वजनाचा आकडा ऐकीव माहितीवरून कधीही घेऊ नये, मग सांगणारा कितीही मोठा विजेता असो. त्याची नळी, त्याचा चेंबर आणि त्याच्या पुंगळ्यांची आतली जागा वेगळी असते. उत्पादकाच्या छापील पुस्तिकेतल्या किमान वजनापासून सुरुवात करून पायरीपायरीने वर जावे आणि पुस्तिकेतली मर्यादा ओलांडू नये. .३०८ विंचेस्टरसाठी काडतुसांचे मापदंड ठरवणाऱ्या सीआयपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार दाबाची कमाल मर्यादा ४१५० बार आहे. सपाट झालेला प्राइमर किंवा जड उघडणारा बोल्ट ही दाबाची चिन्हे असली, तरी ती बहुधा मर्यादा ओलांडल्यावरच दिसतात. वेग अपेक्षेपेक्षा जास्त येऊ लागला की तिथेच थांबावे. टेबलावर एका वेळी पावडरीचा एकच डबा उघडा असावा, आणि गोळी बसवण्याआधी पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, वरून दिवा धरून, प्रत्येकीतली पावडर सारख्या उंचीवर आहे हे डोळ्यांनी पाहावे. दुप्पट पावडर पडलेली किंवा रिकामी राहिलेली पुंगळी तिथे लगेच उठून दिसते. हे काम जिथे परवान्याच्या चौकटीत येते तिथे तो परवाना हवा, हे वेगळे सांगायला नको.

लेखात आणखी एक विधान होते, की ऑलिंपिकचे रायफल नेमबाजही स्वतः भरलेली काडतुसे वापरतात. ते बरोबर नाही. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात .२२ रिमफायर काडतूस असते. त्याचे ज्वालाग्राही मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असल्याने ते स्पर्धेच्या दर्जाने पुन्हा भरता येत नाही. तिथला स्पर्धक वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्याच नळीतून झाडून पाहतो आणि सर्वांत चांगल्या लॉटचा साठा घेऊन ठेवतो. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या पारंपरिक लांब पल्ल्याच्या स्पर्धांत तर आयोजकच सर्वांना सारखी काडतुसे देतात, आणि ही पद्धत मला व्यक्तिशः आवडते, कारण त्यामुळे पैजेत उरतात ती माणसे. हाताने भरलेल्या काडतुसांचे खरे घर म्हणजे बेंचरेस्ट, एफ-क्लास आणि ३०० मीटरची रायफल.

शेवटी एक विनंती. यापुढे या खेळावर लेख छापताना सोबत फलकाचे छायाचित्र दिले, तर त्याखाली अंतर, गोळ्यांची संख्या आणि तो ग्रुप एकूण किती ग्रुपांतून निवडला, हे तिन्ही आकडे आवर्जून द्यावेत. मागच्या लेखातल्या छायाचित्राखाली यांपैकी एकही नव्हता, आणि त्यातली तीन छिद्रे कितीही जवळ असली तरी त्यावरून त्या काडतुसाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

आपला नम्र,
लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा एक वाचक